11.7 स्कॉलरशिप, 34 पोरं आणि बर्कलीचं बेसबॉल

डावखुरा

तिकडे क्रिकेटच्या धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं की अमेरिकेत कॉलेजच्या खेळात एवढा पैसा आहे म्हणता, मग कॉलेजं टीमा बंद का करतात? उत्तर लिहायला घेतलं ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढतोय. फुटबॉल (अमेरिकन, सॉकर नव्हे) आणि बास्केटबॉलवर सगळेच बोलतात, मी बेसबॉलवर लिहिणारे, आणि तेही कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या बर्कलीच्या टीमवर. खेळाच्या दुनियेत तिला नुसतं कॅल म्हणतात.

जुनं वैभव आधी उरकून टाकतो. कॉलेज वर्ल्ड सिरीज पहिल्यांदा झाली 1947 ला, ती कॅलने जिंकली, समोर येल होतं आणि येलच्या फर्स्ट बेसवर थोरला जॉर्ज बुश, जो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. 1957 ला परत जिंकले. नंतर काही नाही.

आता या 2010 वर. मंदीनंतर कॅलिफोर्निया राज्याने युनिव्हर्सिटीचा पैसा कापला, नोव्हेंबर 2009 मधे फी एकदम 32 टक्के वाढवली, पोरं इमारतीत घुसून बसली, आणि त्याच महिन्यात बर्कलीच्या प्राध्यापकांच्या सिनेटने ठराव केला की खेळ खात्याला युनिव्हर्सिटीच्या खिशातून पैसे देणं बंद करा. ठरावाने लगेच काही होत नसतं पण दबाव आला. सप्टेंबर 2010 मधे चान्सलर रॉबर्ट बर्जनो यांनी जाहीर केलं की 29 पैकी 5 खेळांना कात्री. बेसबॉल, मुलांचं जिम्नॅस्टिक्स, मुलींचं जिम्नॅस्टिक्स, मुलींचं लॅक्रॉस, आणि रग्बीचा दर्जा खाली. वर्षाला साधारण 40 लाख डॉलर वाचणार असा हिशोब होता. आणि याच सुमाराला फुटबॉलच्या मेमोरियल स्टेडियमची भूकंपासाठीची दुरुस्ती आणि नूतनीकरण चाललं होतं, त्याचा खर्च 32 कोटी डॉलरच्या वर आणि तो कर्जाने. दोन आकडे शेजारी ठेवून बघा, मी काही बोलत नाही.

फेब्रुवारी 2011 ला सीझन सुरू होताना दुसरी घोषणा झाली. देणग्या आल्यात, रग्बी राहील, मुलींचे दोन्ही खेळ राहतील, पण बेसबॉल आणि मुलांचं जिम्नॅस्टिक्स नाही. म्हणजे बेसबॉलवाली पोरं बंद होणार हे ठरलेल्या टीमकडून खेळत होती आणि मागे माजी खेळाडू पैसे गोळा करत होते, पुढाकार वकील आणि कॅलचे माजी खेळाडू स्टू गॉर्डन यांचा. टार्गेट 1 कोटी डॉलर. 90 लाखांच्या वर वचनं जमली आणि 8 एप्रिलला युनिव्हर्सिटीने निर्णय फिरवला.

आणि मग जूनमधे हीच टीम ह्यूस्टनला रीजनलमधे, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या फेरीत, बेलरविरुद्ध शेवटच्या इनिंगमधे चार रन काढून 9-8 जिंकली. पुढची फेरी घरच्या मैदानावर घ्यायला हवी होती पण इव्हान्स डायमंडला तेव्हा लाईट्सच नव्हते, मग यजमान असून सँटा क्लाराच्या मैदानावर खेळले, डॅलस बॅप्टिस्टला हरवलं आणि ओमाहाला वर्ल्ड सिरीजमधे पोचले! तिथं टेक्सस ए अँड एमला हरवलं, व्हर्जिनियाकडून दोनदा हरले, घरी. त्या टीमचा शॉर्टस्टॉप होता मार्कस सेमियन, तोच जो पुढे 2023 ला टेक्सस रेंजर्सकडून मोठ्यांची, म्हणजे मेजर लीग या वरच्या प्रोफेशनल लीगची, वर्ल्ड सिरीज जिंकला.

गोष्ट छान आहे, पण मला धागा काढायचाय तो हिशोबावर. माझं म्हणणं असं की कॉलेज बेसबॉलमधे रोस्टर (टीममधल्या पोरांची यादी), पैसा आणि अभ्यास हे तीन वेगळे विषय नाहीतच, एकच बेरीज आहे आणि तिचा मोठा भाग पोरांचे आईबाप भरतात. 2025 पर्यंत डिव्हिजन वनमधे, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या गटात, बेसबॉलला जास्तीत जास्त 11.7 स्कॉलरशिप होत्या. हो, पॉइंट सात. आधी 13 होत्या, 1991 च्या सुमाराला खर्च कमी करायला सगळ्या खेळांत 10 टक्के कापले, 13 चे झाले 11.7. कोविडपर्यंत या 11.7 चे तुकडे जास्तीत जास्त 27 पोरांत वाटायचे, प्रत्येकाला कमीत कमी 25 टक्के. रोस्टर 35 चं. आता करा भागाकार.

---

झुणका

वाचतोय. 11.7 भागिले 27 म्हणजे एकाला 43 टक्के. आणि उरलेले 8 जण फुकटात खेळतात? म्हणजे स्वतःची फी भरून?

---

डावखुरा

बरोब्बर. त्यांना वॉक-ऑन म्हणतात. आणि 43 हा पण नुसता ॲव्हरेज आहे, खऱ्यात शुक्रवारी पिचिंग करणाऱ्याला, म्हणजे टीमच्या सगळ्यात भारी बॉलरला, 80-90 टक्के जातात मग बाकीच्यांना 25 वर भागवावं लागतं. 35 पोरांच्या टीममधे 23 जणांइतकी पूर्ण फी घरून येते असं समजा.

---

रंकाळा

मी कोल्हापूरचा, मला बेसबॉल म्हंजे पिट्टू आणि क्रिकेटचं लफडं एवढंच कळतं, पण एक विचारू का. आपल्याकडं पोरगं जिल्हा-राज्य लेवलला खेळलं की दहावी-बारावीला वाढीव मार्क, पुढं सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण. म्हंजे खेळलं की शिक्षणाकडनं सूट. तिकडं उलटं दिसतंय, खेळायचं पण आणि पास पण व्हायचं?

---

मृण्मयी_फ्रीमाँट

रंकाळा, तिकडेही सूट देणारे आहेत हो, पण कागदावर नियम कडक आहेत. माझा मुलगा हायस्कूलमधे ज्युनियर (अकरावीत) आहे, पिचर, म्हणून हे सगळं गेले काही महिने डोक्यात फिरतंय. कॉलेजात खेळत राहायचं तर दुसरं वर्ष संपताना डिग्रीचा 40 टक्के भाग पूर्ण पाहिजे, तिसरं संपताना 60, चौथं संपताना 80. आणि आठवड्याला 20 तासांच्या वर सराव नाही, असं नियमात लिहिलंय. प्रवास त्यात धरत नाहीत, ते वेगळं.

मला डावखुरा यांना विचारायचंय की ते एपीआर म्हणजे नक्की काय? एका कोचने आम्हाला अगदी अभिमानाने सांगितलं की आमचा एपीआर अमुक आहे आणि आम्ही माना डोलावल्या.

---

डावखुरा

मृण्मयीताई, हा माझा आवडता विषय आहे त्यामुळे सांभाळून घ्या.

एपीआर म्हणजे ॲकॅडेमिक प्रोग्रेस रेट. स्कॉलरशिपवाल्या प्रत्येक पोराला प्रत्येक सेमिस्टरला दोन पॉइंट मिळू शकतात. एक, अभ्यासात पात्र राहिला म्हणून. दुसरा, कॉलेजात टिकला म्हणून, म्हणजे पुढच्या सेमिस्टरला परत आला किंवा डिग्री घेतली. सगळ्यांचे मिळवलेले पॉइंट भागिले शक्य असलेले पॉइंट गुणिले 1000. चार वर्षांची सरासरी 930 च्या खाली गेली तर टीमला सीझननंतरच्या टूर्नामेंटला बंदी.

आता 27 पोरं धरा. दोन सेमिस्टर, दोन-दोन पॉइंट, म्हणजे वर्षाला 108. समजा चार पोरं वसंतातल्या सेमिस्टरला नापास होऊन कॉलेज सोडून गेली, प्रत्येकाचे दोन्ही पॉइंट गेले, म्हणजे 8. उरले 100. 108 मधले 100 म्हणजे 926. बाकी 23 जण कितीही हुशार असोत, त्या वर्षाचा आकडा रेषेच्या खाली. चार वर्षांच्या सरासरीमुळे लगेच बंदी येत नाही पण कोचची झोप उडते.

बेसबॉलमधे हे का व्हायचं? ड्राफ्ट, म्हणजे प्रोफेशनल क्लबांनी राउंडमागून राउंड पाळीपाळीने पोरं निवडणं. मोठ्या कॉलेजचा पोरगा तिसऱ्या वर्षानंतर किंवा 21 चा झाला की मेजर लीगच्या ड्राफ्टला पात्र होतो. पूर्वी ड्राफ्ट जूनमधे असायचा, 2021 पासून जुलैत गेला. ज्याला माहितीये की दोन महिन्यांत बोनसचा चेक येणारे तो एप्रिलमधे इकॉनॉमिक्सच्या लेक्चरला कशाला बसेल? आणि ज्याला 25 टक्केच मिळताहेत त्याला दुसरीकडे 50 मिळाले की तो चालला. 2000 नंतरच्या दशकात बेसबॉल, फुटबॉल आणि मुलांचं बास्केटबॉल हे तिघं अभ्यासाच्या आकड्यात तळाला होते. म्हणून 2008 पासून बेसबॉलला खास नियम लावले. ते 27 आणि 35 आणि 25 टक्केवाले तेव्हाचेच. शिवाय ट्रान्सफर केली तर एक वर्ष बाहेर बसा. आणि सगळ्यात जालीम म्हणजे, ऑगस्ट-सप्टेंबरमधे वर्ष सुरू होताना जो पात्र नाही तो फेब्रुवारीत पण खेळणार नाही, आधी मधल्या सेमिस्टरमधे क्रेडिट जमवून वसंतात मैदानात उतरायची सोय होती ती बंद झाली.

आकडे सुधारले. त्यात नियमांचा वाटा आहे, तसाच हिशोब करणाऱ्यांच्या हुशारीचाही आहे. 2.6 च्या वर जीपीए (4 पैकी सरासरी मार्क) असलेला पोरगा दुसऱ्या कॉलेजात गेला तर टिकण्याचा पॉइंट कापत नाहीत. पात्र असताना प्रोफेशनल झाला तरी सूट मिळते. म्हणजे कोचला पोरगं डिग्री घेईल की नाही याची काळजी करायची गरज नाही, जाताना 2.6 घेऊन जा म्हणजे झालं.

---

आगाऊ_कार्टं

थोडक्यात, टीसी घेऊन जा पण पास होऊन जा. आमच्या मुख्याध्यापकांचं धोरण.

---

शशांक_डॅलस

डावखुरा, हिशोब चांगला मांडलाय पण मूळ मुद्द्यावर मतभेद. मी अकाउंटिंगवाला आहे त्यामुळे जरा खोचकपणे विचारतो. 23 पोरांची फी आईबाप भरतात म्हणून टीम परवडते हे बर्कलीला लागू होतच नाही. बर्कलीत प्रवेशासाठी रांग आहे. बेसबॉल बंद केलं असतं तर त्या 35 जागा रिकाम्या राहिल्या नसत्या, दुसरी 35 पोरं आली असती, फी भरणारीच, कदाचित जास्त हुशार. म्हणजे टीममुळे मिळणारं जादा उत्पन्न शून्य. खर्च मात्र सगळा जादाचा. कोच, प्रवास, बॅटी, बस, इन्शुरन्स. त्या प्राध्यापकांचा ठराव मला तरी बरोबर वाटतो. युनिव्हर्सिटी तेव्हा खेळ खात्याला वर्षाला कोटीच्या वर डॉलर देत होती आणि बर्जनो ते 2014 पर्यंत 50 लाखांवर आणायचं म्हणत होते, यात काय चुकलं?

फीचा युक्तिवाद चालतो तो छोट्या खाजगी कॉलेजांत. तिथं जागा रिकाम्या असतात. डिव्हिजन थ्रीत तर खेळाची स्कॉलरशिप द्यायलाच बंदी आहे, तरी बेसबॉलच्या टीमा 40-50 पोरांच्या असतात. का? कारण कोच हा तिथं ॲडमिशन खात्याचा सेल्समन असतो. खेळायला मिळतंय म्हणून पोरगं येतं आणि फी भरतं.

---

नीलिमा_बर्मिंगहॅम

शशांक, तुमचं उदाहरण आमच्या गावात घडलंय म्हणून खास लॉगिन केलं. मी इंग्लंडच्या नाही, अलाबामाच्या बर्मिंगहॅमला असते.

इथं बर्मिंगहॅम-सदर्न म्हणून छोटं कॉलेज होतं, 1856 चं. डिव्हिजन थ्री. बांधकामासाठी काढलेली कर्जं, घटलेली पटसंख्या, राखीव निधी खाल्लेला, सगळं एकदम अंगावर आलं. राज्याकडे 3 कोटी डॉलरचं कर्ज मागितलं, राज्याच्या ट्रेझररने नाकारलं. मार्च 2024 मधे जाहीर झालं की 31 मे ला कॉलेज कायमचं बंद. आणि त्यांची बेसबॉल टीम नेमकी त्या वर्षी सुटली. जिंकत जिंकत डिव्हिजन थ्रीच्या वर्ल्ड सिरीजला, ओहायोत ईस्टलेकला. त्यांची पहिली मॅच होती 31 मे ला! म्हणजे मॅच चालू असताना कॉलेज अधिकृतपणे संपलं. ती मॅच हरले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे कॉलेज अस्तित्वात नसताना, शेवटच्या इनिंगमधे होमरन मारून रँडॉल्फ-मेकनला हरवलं. मग विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरकडून 11-10 ने हरले आणि संपलं.

टीव्हीवाले आठवडाभर रडवत होते. पण तुमच्या मुद्द्याला धरून सांगते, खेळाडू आणून फी गोळा करायचं मॉडेल तिथं पण होतं आणि कॉलेज वाचलं नाही. फी भरणारे 40 बेसबॉलवाले आणलेत पण फीवर भरमसाट सवलत दिलीत तर हातात काय पडतं?

---

शशांक_डॅलस

सहमत. छापील फी आणि हातात पडणारी फी यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. नीलिमाताई, मस्त किस्सा, मला ती दुसरी मॅच माहिती नव्हती.

---

खडूस_म्हातारा

वाचून एवढंच कळलं की पैसे फुटबॉलच्या स्टेडियमवर उधळायचे आणि बेसबॉलच्या पोरांना वर्गणी काढायला लावायची, आपल्या गणपती मंडळात पण डीजेला पैसे असतात, प्रसादाला पावती फाडावी लागते.

बाकी ते मुलींचे खेळ आधी वाचले आणि मुलांचं बेसबॉल-जिम्नॅस्टिक्स नाही, हे कसं काय? देणग्या तिकडे जास्त आल्या?

---

डावखुरा

नाही, ते कायद्यामुळे. टायटल नाईन, 1972 चा कायदा. युनिव्हर्सिटीत मुली जेवढ्या प्रमाणात तेवढ्या प्रमाणात खेळात हव्यात, किंवा मुलींना खेळाच्या संधी वाढत चालल्यात, किंवा त्यांची खेळायची आवड पूर्ण भागवली जातेय, असं दाखवता आलं पाहिजे. मुलींच्या दोन टीमा काढल्या की कॅलला प्रमाण सोडून बाकीच्या पळवाटा बंद होत होत्या, मग प्रमाण जुळवायला बाकीच्या मुलांच्या टीमांची पण पोरं कमी करावी लागली असती. बेसबॉल म्हणजे 35 पोरांचा गठ्ठा आणि समोर तेवढी मुलींची टीम नाही, सॉफ्टबॉलची टीम लहान असते. त्यामुळे कापायची वेळ आली की देशभर बेसबॉल आणि कुस्ती आधी जातात. दोष कायद्याचा नाही हां, फुटबॉलची टीम (2025 पर्यंत 85 स्कॉलरशिपची) कोणी हलवत नाही म्हणून हे होतं.

आणि शशांक, रांगेचा मुद्दा मान्य, बर्कलीला 35 पोरं कधीही मिळतील. पण मग 90 लाख डॉलर पण बघा. ते बेसबॉलसाठीच आले, टीम बंद झाली असती तर ते काही फिजिक्सच्या लॅबला गेले नसते. स्टू गॉर्डन यांचं नाव आता कॅलच्या बेसबॉल स्टेडियमला आहे. माझं म्हणणं एवढंच की टीमचा खर्च युनिव्हर्सिटी करते हे चित्र अपुरं आहे. आईबाप, देणगीदार आणि, हे लोकांना माहीत नसतं, बिनपगारी कोच. बेसबॉलमधे हेड कोच, दोन पगारी असिस्टंट आणि तिसरा व्हॉलंटियर असा नियम होता. तो पण पूर्णवेळ राबायचा, पगार शून्य, उन्हाळी कॅम्प घेऊन पोट भरायचा. जुलै 2023 पासून त्याला पगार द्यायची परवानगी मिळाली. परवानगी!

---

झुणका

पण मग एलएसयू (लुइझियाना स्टेट), टेनेसी वगैरे? तिकडे तर बेसबॉलला दहा हजार लोक येतात.

---

डावखुरा

तिकडचं जगच वेगळं. एलएसयूचं ॲलेक्स बॉक्स स्टेडियम दहा हजारांच्या वर, वर्षानुवर्षं देशात सगळ्यात जास्त प्रेक्षक त्यांचे. 2023 ला जिंकले तेव्हा पॉल स्कीन्स आणि डिलन क्रूज त्यांच्याकडे, आणि ड्राफ्टमधे पहिला आणि दुसरा नंबर याच दोघांचा, स्कीन्सला 92 लाख आणि क्रूजला 90 लाख डॉलर. 2025 ला परत जिंकले. आणि टेनेसीला 2024 चं विजेतेपद मिळवून देणारा कोच टोनी व्हिटेलो, त्याला 2025 च्या ऑक्टोबरमधे सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने थेट मॅनेजर केला. प्रोफेशनल कोचिंगचा काहीही अनुभव नसताना! कॉलेजात एवढा पैसा आणि मान आहे त्या भागात.

पण गंमत बघा, 11.7 सगळ्यांना सारख्याच होत्या, मग दक्षिणेची कॉलेजं पुढे का? एक कारण हवामान आणि प्रेक्षक. दुसरं कारण राज्याच्या स्कॉलरशिपा. जॉर्जियात 1993 पासून लॉटरीच्या पैशातून होप स्कॉलरशिप, लुइझियानात टॉप्स, फ्लोरिडात ब्राइट फ्युचर्स. मार्क बरे असलेल्या स्थानिक पोराची बरीचशी फी राज्यच भरतं आणि ते 11.7 मधे मोजत नाहीत. म्हणजे कोच त्याला नुसते 25 टक्के देतो आणि पोरगं जवळजवळ फुकट शिकतं. व्हँडरबिल्ट खाजगी आणि महाग, पण तिथं गरजू घरांना कर्जाऐवजी सरळ मदत मिळते, तीही खेळाच्या खात्यातली नाही. 2014 आणि 2019 ला त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली त्यात टिम कॉर्बिन यांचं कोचिंग आहेच, हे पण आहे. कॅलला बाहेरच्या राज्यातलं पोरगं आणायचं तर फीच्या वर वर्षाला 34 हजार डॉलरपेक्षा जास्त जादा आकार, त्याला 43 टक्के दिलेत तरी बाप म्हणतो नको.

---

मृण्मयी_फ्रीमाँट

म्हणजे अभ्यासात बरा असलेला मुलगा कोचला स्वस्तात पडतो. हे आम्हाला आधी कोणी सांगितलं असतं तर पिचिंग कोचवर एवढे पैसे घातले नसते, एसएटीच्या क्लासवर घातले असते.

आता 2025 नंतरचं सांगा ना. 34 चं काय ते.

---

शशांक_डॅलस

ते मी सांगतो, वाचलंय ते. हाउस नावाच्या खटल्यातली तडजोड, जज क्लॉडिया विल्कन यांनी 6 जून 2025 ला मंजूर केली. जुन्या खेळाडूंना सुमारे 280 कोटी डॉलर दहा वर्षांत भरपाई. कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे द्यायची मुभा, पहिल्या वर्षी एका कॉलेजला 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. आणि स्कॉलरशिपची मर्यादा रद्द, त्याऐवजी रोस्टरची मर्यादा. बेसबॉलला 34. म्हणजे 11.7 गेलं, आता वाटलं तर 34 च्या 34 पोरांना पूर्ण स्कॉलरशिप द्या.

---

झुणका

मग हे चांगलंच झालं की!

---

डावखुरा

कोणासाठी? ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्यासाठी. परवानगी आहे म्हणजे बजेट आहे असं नसतं. 11.7 वरून 34 म्हणजे 22 पूर्ण फी जादा, आणि ते 2 कोटी 5 लाख बहुतेक ठिकाणी फुटबॉल आणि बास्केटबॉलच खाणार, बेसबॉल "बाकीचे खेळ" या डब्यात. एलएसयूला जमेल. मधल्या कॉलेजांना नाही.

आणि माझा खरा मुद्दा 34 या आकड्याचा आहे. कोविडमधे 2020 चा सीझन मार्चमधेच थांबला, सगळ्यांना एक वर्ष जादा मिळालं, त्याच वर्षी ड्राफ्ट 40 राउंडवरून 5 वर आणला, रोस्टर 40 पर्यंत फुगले. ड्राफ्ट आता 20 राउंडचा. वर 2021 ला मेजर लीगने मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या प्रोफेशनल, टीमा 160 वरून 120 केल्या. म्हणजे पूर्वी जो पोरगा बाराव्या-पंधराव्या राउंडला जाऊन प्रोफेशनल व्हायचा तो आता कॉलेजातच राहतो, आणि त्याच वेळी कॉलेजात जागा कमी झाल्या. मग कोच कोणाला काढणार? 19 वर्षांच्या नवख्याला. कॉलेज बदलणाऱ्यांच्या ट्रान्सफर पोर्टलमधून 22-23 वर्षांचा तयार पोरगा आणणार. ट्रान्सफरवरची बंधनं 2021 मधे सैल केली, एप्रिल 2024 मधे पूर्णच काढली, अभ्यासात पात्र असलं की झालं. विल्कन बाईंनी निदान एवढं केलं की या नियमामुळे ज्यांना काढलं त्यांना 34 बाहेर ठेवता येईल अशी सोय अडून बसून घालून घेतली. पण ती फक्त तेव्हाच्या पोरांसाठी.

आणि जे वॉक-ऑन जातील तेच टीममधले अभ्यासू असायचे. इंजिनियरिंगवाले, बुलपेनमधे, म्हणजे राखीव पिचरांच्या कोपऱ्यात, बसून गणितं सोडवणारे. एपीआरमधे ते मोजत नाहीत कारण स्कॉलरशिप नाही, पण बाकीच्यांना शिकवायचे तेच.

---

नीलिमा_बर्मिंगहॅम

आणि कॅल आता एसीसी या कॉलेजांच्या गटात (कॉन्फरन्समधे) आहे ना? पॅसिफिकच्या काठावरची कॉलेजं अटलांटिक कॉन्फरन्समधे. हा काय प्रकार आहे कळत नाही.

---

डावखुरा

हो, कॅल आणि स्टॅनफर्ड 2024 पासून. टीव्हीचा पैसा. त्यातही पहिली सात वर्षं दोघांना साधारण 30 टक्केच वाटा. फुटबॉलला वर्षातून चार-पाचदा तिकडे जाणं ठीक आहे. बेसबॉल म्हणजे 56 मॅचचा सीझन, शुक्रवार-शनिवार-रविवार अशा सिरीज, गुरुवारी निघायचं, तीन तासांचा फरक, रविवारी रात्री परत आणि सोमवारी सकाळी आठला लॅब. हे वेळापत्रक आखणाऱ्यांनी एपीआरची मीटिंग पण त्याच आठवड्यात घेतली असणार. ओरेगन स्टेटने वेगळा रस्ता धरला, 2025 ला कुठल्याच कॉन्फरन्समधे न राहता खेळले आणि तरी ओमाहाला पोचले, पण तेही सीझनचा बराच भाग दुसऱ्यांच्या मैदानांवर फिरत होते.

---

रंकाळा

एवढं सगळं करून किती पोरं प्रोफेशनल हुतात?

---

डावखुरा

डिव्हिजन वनमधे 300 च्या आसपास कॉलेजं, प्रत्येकी 34-35 पोरं, म्हणजे दहा हजार. ड्राफ्टमधे 20 राउंड, 30 क्लब, सहाशे आणि थोडे. त्यातले काही हायस्कूलमधून. उरलेलं तुम्हीच काढा.

---

मृण्मयी_फ्रीमाँट

बरं मग मी कोचला विचारायचं काय? पुढच्या महिन्यात दोन ठिकाणी भेटी आहेत. प्लीज कोणीतरी नीट सांगा, "मुलाला आवडेल ते करू द्या" हे आमच्या घरी सासूबाई रोज सांगतात.

---

शशांक_डॅलस

ताई, पैशाचं आधी. स्कॉलरशिप किती टक्के आणि कशाची? फीची, की फी-राहणं-जेवण सगळ्याची? एक वर्षाची की चार? दुखापत झाली तर काय? लेखी घ्या. आणि अभ्यासावर मिळणारी मदत वेगळी किती, ते ॲडमिशनवाल्यांकडून घ्या, कोचकडून नको.

---

डावखुरा

मी रोस्टरचं सांगतो. वेबसाईटवर गेल्या तीन वर्षांचे रोस्टर असतात. तीन वर्षांपूर्वीची पहिल्या वर्षाची पोरं घ्या आणि बघा त्यातली आत्ता किती आहेत. त्याचबरोबर यंदाच्या रोस्टरमधे दुसऱ्या कॉलेजातून आलेले किती ते मोजा. एपीआर 985 असेल आणि दहातली सात पोरं गायब असतील तर ती 2.6 घेऊन गेलीत. कोचला विचारा, इंजिनियरिंग करणारा एखादा पोरगा आहे का, त्याच्याशी बोलता येईल का. नसेल तर का नाही ते विचारा.

आणि कम्युनिटी कॉलेजचा रस्ता सोडू नका. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजं खेळाची स्कॉलरशिप देत नाहीत पण फी अगदी किरकोळ असते, दोन वर्षं भरपूर खेळायला मिळतं आणि नंतर चार वर्षांच्या कॉलेजात जाता येतं. आता कोच लोकांना तयार पोरंच हवीत म्हटल्यावर तर हा रस्ता जास्त बरा.

---

मृण्मयी_फ्रीमाँट

रोस्टरची ट्रिक आत्ताच करून बघितली. एका ठिकाणी नवख्यांतले चार उरलेत, दुसरीकडे नऊ. चारवाले कोच जास्त गोड बोलत होते.

---

आगाऊ_कार्टं

नऊवाल्यांचा एपीआर काय?

---

मृण्मयी_फ्रीमाँट

चारवाल्यांपेक्षा कमी. म्हणजे डावखुरा म्हणतात ते खरंय बहुतेक. भेट झाली की इथंच लिहिते, धागा वर ठेवा.